रिकाम्या रकान्यातली मुलं

धुळे-सुरत महामार्गावरच्या विसरवाडी परिसरातल्या अंगणवाड्यांमधील ४० मुलांच्या वजनांचा तक्ता संगणकात आहे, असं समजा. वयाच्या मानाने वजन कमी असलेली मुलं किती, हा प्रश्न एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत विचारला, तर उत्तर येतं ९. कमी नसलेली किती? २५. बेरीज भरते ३४. उरलेल्या ६ मुलांच्या वजनाचा रकाना रिकामा, म्हणजे ‘नल’ आहे. नलची तुलना कशाशीही केली तरी उत्तर ना खरं ना खोटं, ते ‘अज्ञात’ येतं. आणि प्रश्नातली ‘व्हेअर’ची अट फक्त खऱ्या ठरलेल्या ओळीच पुढे सोडते. सरासरी काढतानाही ही मुलं गळतात आणि संगणक चूक झाल्याचा इशारा देत नाही, कारण त्याच्या नियमाने चूक झालेलीच नसते. नंदुरबार जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. वजन घ्यायच्या दिवशी गावात नसलेली त्यांची मुलं अशी हिशेबाबाहेर राहू शकतात, आणि बऱ्याचदा सगळ्यात जास्त लक्ष त्यांच्याकडेच द्यायला हवं असतं.

म्हणून क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहायला कुणाची मदत मागताना नुसती क्वेरी दाखवून भागत नाही. एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल, म्हणजे माहिती तक्त्यांत ठेवण्याच्या, मॉडेलमध्ये आणि त्यावर १९७४ साली चेंबरलिन व बॉइस यांनी रचलेल्या याच भाषेत गाभा एकच होता: काय हवं ते सांगा, कसं शोधायचं ते यंत्र बघेल. पण मग ‘काय हवं’ ते नेमकं सांगण्याची जबाबदारी विचारणाऱ्यावरच येते. एक ओळ म्हणजे एक मूल, की एका मुलाचं एका महिन्याचं वजन? हे न सांगता दोन तक्ते जोडले, तर एकच मूल तीनदा मोजलं जाऊ शकतं. तेव्हा बनावट नावांच्या पाच-सहा ओळी आणि हाताने काढलेलं अपेक्षित उत्तर सोबत द्यावं.

आता एआय क्षणात क्वेरी लिहून देतं, मग हा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. पण रकाना रिकामा का राहिला, हे एआयला तक्त्यावरून कळत नाही. ते तिथल्या सेविकेला ठाऊक असतं. रिकाम्या जागी शून्य भरावं, तर सहाही मुलं गंभीर कुपोषित ठरतील. वेळ नाही, ही अडचण खरी. पण पाच ओळी हाताने मोजायला लागणारा वेळ चुकीचा अहवाल वर गेल्यावर तो निस्तरायला लागणाऱ्या वेळापेक्षा कमीच असतो. ‘वजन घेतलंच नाही : ६’ ही तिसरी ओळ अहवालात आली, की पुन्हा कुणाच्या घरी जायचं हेही ठरतं.