वशिंडवाला म्हसीर आणि लोणावळ्याची खडशी

२२ मार्च १९४६ रोजी म्हैसूरच्या बाजूला कबिनी नदीत द वेट व्हॅन इंगन नावाच्या गृहस्थांच्या गळाला एक मासा लागला. वजन भरलं १२० पौंड, म्हणजे चोपन्न किलोंच्या वर. गळानं धरलेल्या म्हसीर माशाचा हा विक्रम आजही उभा आहे. त्याआधीचा विक्रमही याच खोऱ्यातला. १९१९ साली मेजर रिव्हेट-कार्नॅक यांनी कावेरीत ११९ पौंडांचा म्हसीर काढला होता. मधे सत्तावीस वर्षं गेली आणि फरक पडला एका पौंडाचा! गळ टाकणाऱ्या माणसाला हे आकडे पाठ असतात. मला शाळेच्या वयापासून आहेत.

आमचं बालपण नीरेच्या काठचं. बांबूची काठी, तंगूस, काडू लावलेला गळ आणि दुपारभर पाण्याकडे लागलेले डोळे. मिळायचे ते वीतभर मासे. पण नदीवरची म्हातारी माणसं खडशीबद्दल बोलायला लागली की आवाज खाली आणून बोलायची. खडशी म्हणजे आपल्या दख्खनचा म्हसीर. अमक्या डोहात पुरुषभर लांबीची होती, तमक्याचा दोरा तिनं तोडून नेला, अशा त्या गोष्टी. पुढे कळलं की जगभरच्या गळवाल्यांचा एकेक असा मासा असतो, जो स्वप्नात येतो आणि हाती लागत नाही. हिंदुस्थानात तो मान म्हसीरचा. जिम कॉर्बेटनं वाघांच्या शिकारीवरच्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात एक अख्खं प्रकरण या माशाला दिलं आणि त्याच्या नावातच ‘स्वप्नातला मासा’ म्हटलं. एच. एस. थॉमस या मद्रास इलाख्यातल्या अधिकाऱ्यानं त्याच्याही खूप आधी, १८७३ मध्ये, हिंदुस्थानातल्या गळमासेमारीवर जाड पुस्तक लिहून बजावलं होतं की, झुंजीच्या बाबतीत इंग्लंडचा सामन याच्यापुढे कमी पडेल.

तसा म्हसीर रोहू-कटल्याच्याच कुळातला. जबड्यात एकही दात नाही. दात आहेत ते घशात, आणि ते खेकड्याचं कवच तर चिरडतातच, पण हलक्या प्रतीचा गळही वाकवतात. ओठ मांसल, खवले तळहाताएवढे. त्याला वाहतं, स्वच्छ, खडकाळ पाणी लागतं आणि उन्हाळा काढायला खोल डोह लागतो. पावसात नदी फुगली की तो अंडी घालायला वर चढतो. म्हणजे नदी वाहती आणि अखंड असली तरच हा मासा.

त्यातही स्वप्नातलं स्वप्न म्हणजे कावेरीचा वशिंडवाला म्हसीर. डोक्यामागून पाठ बैलासारखी उंच चढलेली, पर नारिंगी. वरचे दोन्ही विक्रम कावेरी आणि तिच्या उपनदीतले, ते याच्यामुळेच. स्वातंत्र्यानंतर हा मासा संपला असं बऱ्याच जणांनी धरून टाकलं होतं. १९७७ मध्ये तीन इंग्रज तरुण जगभर गळ टाकत फिरत इथे आले आणि मोठा म्हसीर अजून आहे हे त्यांनी दाखवून दिलं. मग बंगळूरची वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया ही संस्था आणि कर्नाटकचं जंगल लॉजेस या दोघांनी भीमेश्वरी, गॅलिबोर, दोड्डमकळी या पट्ट्यात नदी राखायला सुरुवात केली. काल सुरुंगाचे तोटे टाकून मासे मारणारी माणसं आज पाहुण्यांची वाटाडी झाली. धरलेला मासा वजन करून, फोटो काढून जिवंत सोडायचा, हा तिथला नियम होता.

गॅलिबोरला मी गेलो तो या नियमाच्या काळात. तिथलं आमिष म्हणजे नाचणी. पीठ घट्ट मळायचं, मुठीत मावतील असे गोळे करायचे आणि उकळत्या पाण्यात शिजवायचे. गोळा इतका चिवट हवा की धारेत सुटू नये आणि इतका मऊ की ओढ बसताच गळाचं टोक त्यातून बाहेर यावं. आमचा वाटाड्या प्रत्येक गोळा अंगठ्यानं दाबून बघायचा आणि मनासारखा नसला तर नदीत फेकायचा. पसंत पडलेला गोळा गळावर चढवून धारेच्या कडेला, खडकाच्या पोटात सोडायचा. दोरा बोटावर घेऊन बसायचं. लहान मासे टिकटिक करत टोचतात, तिकडे लक्ष द्यायचं नाही. म्हसीर टोचत नाही. काठी एकदम वाकते, रीळ किंचाळतं आणि बघता बघता दोरा संपत येतो. पहिली धाव धारेबरोबर खाली. मग तो एखाद्या खडकाआड जाऊन बसतो. दोरा खडकावर घासला की खेळ संपला. अशा वेळी वेताच्या गोल होडीत बसून नदी ओलांडायची आणि दुसऱ्या अंगानं दोरा सोडवायचा. हात सोलवटतात, खांदे भरून येतात.

माझ्या गळाला लागलेला मासा दमून उथळ पाण्यात आला तेव्हा वाटाड्यानं त्याला दोन्ही हातांनी खालून आधार दिला, पाण्याबाहेर काढला नाही. सोनेरी-करड्या खवल्यांच्या कडा उन्हात स्पष्ट दिसत होत्या. तोंड उघडमीट करत तो श्वास घेत होता. मी पाठीवर वशिंड शोधत होतो. वाटाड्यानं पर उलगडून दाखवला. पर निळसर होता. तो मोडक्या हिंदीत म्हणाला, “हा तुमच्याकडचा आहे, लोणावळ्याचा. आमचा जुना मासा वेगळा. तो आता कधीतरीच लागतो.” त्याच्या त्या एका वाक्यात पुढे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेली सगळी गोष्ट आली होती.

लोणावळ्याच्या वळवण धरणावर टाटांच्या वीज कंपनीनं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला म्हसीरच्या बीजोत्पादनाचं केंद्र उभं केलं. त्यामागे डॉ. सी. व्ही. कुलकर्णी या मराठी मत्स्यतज्ज्ञाचा अभ्यास होता. पिकलेल्या मादीच्या पोटावरून हलक्या हातानं अंडी काढायची, त्यात नराचं बीज मिसळायचं, सोनेरी अंडी वाहत्या स्वच्छ पाण्यात ठेवायची. म्हसीरची अंडी रोहूच्या तुलनेत फारच थोडी, त्यामुळे एकेक जपावं लागतं. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. धरणांनी आणि विषारी पाण्यानं दख्खनची खडशी धोक्यात आली होती, तेव्हा या केंद्रानं तिचं बीज टिकवलं.

पण ते बीज अनेक राज्यांत गेलं, तसं १९७० च्या दशकापासून कावेरीतही गेलं. हेतू चांगलाच होता, नदीत म्हसीर वाढावा हा. त्या वेळी सगळे म्हसीर जवळजवळ सारखेच मानले जात. खडशी मात्र कृष्णा खोऱ्यातली, कावेरीला ती पाहुणी. आणि ही पाहुणी तिथे चांगलीच रुजली.

हे कळलं ते गळवाल्यांच्या वह्यांमुळे. गॅलिबोरच्या तळावर प्रत्येक दिवशी कोणी किती तास गळ टाकला, कोणता मासा लागला, वजन किती, हे लिहून ठेवलं जायचं. इंग्लंडच्या बोर्नमथ विद्यापीठातले एड्रियन पिंडर आणि केरळचे राजीव राघवन यांनी १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या नोंदी तपासल्या. सहा हजारांहून अधिक म्हसीरांच्या नोंदी होत्या. एकूण मासे वर्षागणिक वाढत होते, म्हणून सगळे खूश होते. पण निळ्या पराचे आणि नारिंगी पराचे वेगळे मोजल्यावर चित्र पालटलं. वाढत होते ते निळे. वशिंडवाले कमी कमी होत गेले होते, आणि लागत ते दरवर्षी आकारानं मोठेच. लहान लागतच नव्हते. म्हातारे तेवढे उरले होते, मागे पिल्लं नव्हती. शौकाच्या वह्यांमधून निघालेलं इतकं मोलाचं ज्ञान माझ्या माहितीत दुसरं नाही.

सगळा दोष खडशीच्या माथी मारणं बरोबर नाही. कृष्णराजसागर आणि मेट्टूर या १९३० च्या दशकातल्या धरणांपासून नदी तुकड्यांत वाटली गेली, वाळू उपसली गेली, तोटे टाकून मासे मारणं चालूच राहिलं. आधीच खंगलेल्या माशाच्या डोहात आपण वर एक दणकट वाटेकरी सोडला.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट. शंभर-सव्वाशे वर्षं जगभरचे गळवाले ज्याच्यामागे धावले, त्या माशाला नेमकं शास्त्रीय नाव नव्हतं. नाव नाही म्हणून धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत त्याला जागा नाही. २०१८ मध्ये पिंडर, राघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोयार नदीतले नमुने तपासून दाखवलं की, केरळातल्या पांबार नदीतून २००७ साली ‘टोर रेमादेवी’ या नावानं ज्याची नोंद झाली, तोच हा. त्याच वर्षी तो ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेला. म्हणजे वाघापेक्षाही जास्त धोक्यात. आणि त्याच वर्षी खडशी ‘संकटग्रस्त’ यादीतून बाहेर पडली.

कावेरीचा तो पट्टा अभयारण्यात येतो. २०१२ पर्यंत तिथलं गळ टाकणं बंद झालं. कायद्याच्या बाजूनं त्याला कारण होतं, तरी मला तो निर्णय पटलेला नाही. मासा सोडून देणारा गळवाला नदीवर असला की तोटे टाकणारा फिरकत नाही, वाटाड्याचं घर चालतं आणि वहीत नोंद होत राहते. त्याला उठवलं आणि या तिन्ही गोष्टी एकदम गेल्या.

आता आपल्या घरचं. शास्त्राच्या दृष्टीनं खडशीचं जन्मगाव पुणं. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं मुळा-मुठेतल्या माशावरून १८३९ साली तिची पहिली नोंद प्रसिद्ध केली. शहराचं सांडपाणी वाहणाऱ्या आजच्या मुळा-मुठेत खडशी शोधायला मी कोणालाही पाठवणार नाही. पण जिथे लोकांनी मनावर घेतलं तिथे म्हसीर टिकलाय. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीत वरदायिनीचे मासे म्हणून, आणि वाडा तालुक्यात वैतरणेकाठच्या तिळसेश्वराच्या डोहात देवाचे मासे म्हणून त्यांना कोणी हात लावत नाही. चुरमुरे टाकले की काळ्या पाठी वर येतात. गळाला न लागणारा मासा तिथे हातभर अंतरावरून बघता येतो.

माझी विनंती दोन प्रकारच्या माणसांना आहे. पहिल्या पावसात ओढ्याला चढणीचे मासे धरायला जाणाऱ्यांनी खडशी आली तर ती पाण्यात परत सोडावी, कारण तिच्या पोटात अंडी असतात. आणि गावच्या नदीत किंवा तलावात मत्स्यबीज सोडण्याचा कार्यक्रम ठरवणाऱ्यांनी, हार-तुरे आणि फोटोग्राफर बोलावण्याआधी, ते बीज कोणत्या नदीचं आहे हे लेखी मागून घ्यावं. आपल्या नदीचं नसेल तर परत पाठवावं.