मॉर्फीनची गोळी घरी आल्यावर

अफूपासून मिळणारे मॉर्फीन कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर प्रभावी असून, १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ साली झालेल्या दुरुस्तीमुळे मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते बाळगणे सुलभ झाले. मात्र अकोले वा पाथर्डीच्या वाडीवस्तीवर ते पोहोचले की देखरेखीचा भार घरच्यांवरच येतो. मळमळ व गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते, पण बद्धकोष्ठता टिकते, म्हणून रेचक, म्हणजे पोट साफ करणारे औषध, पहिल्या दिवसापासूनच द्यावे लागते. व्यसनाच्या धास्तीने रुग्णाला वेदना सोसायला लावणे अन्यायाचेच आहे. चुकलेल्या मात्रेपोटी दुप्पट गोळी देणे किंवा सोबत दारू घेणे मात्र जिवावर बेतू शकते. रुग्ण हाकेने जागा होत नसेल, श्वास मंदावला असेल आणि डोळ्यांतील बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर पुढची मात्रा थांबवून तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.