आयपीव्ही६ पत्त्यांचे संक्षिप्तीकरण

केंद्र सरकारचा पहिला आयपीव्ही६ आराखडा जुलै २०१० मध्ये आला. या प्रणालीतील इंटरनेट पत्ता १२८ बिटांचा, कोलनने विभागलेल्या आठ गटांचा असतो. सलग शून्यगटांऐवजी ‘::’ लिहिता येते. मात्र एकदाच, अन्यथा कोठे किती गट गाळले ते कळत नाही.

तरीही २००१:०:०:१:०:०:०:१ हा पत्ता २००१::१:०:०:०:१ किंवा २००१:०:०:१::१ असा दोन्ही प्रकारे लिहिता येतो. आज्ञावली नुसती अक्षरे ताडून पाहत असेल, तर एका रूपात बंदी घातलेला पत्ता दुसऱ्या रूपात खुशाल आत शिरतो! ऑगस्ट २०१० च्या आरएफसी ५९५२ नुसार सर्वांत लांब शून्यमालिका गाळावी. लांबी समान असल्यास पहिली. वर्गात मात्र पत्त्याची आधी संख्या करून मगच तुलना शिकवणे अधिक बरे. पायथनमध्ये ‘आयपीअ‍ॅड्रेस’ हे मॉड्यूल २०१२ पासून त्यासाठी उपलब्ध आहे.