सबडोमेन: एकाच गटाचे पोटहिस्से

शोधगंगा तुम्ही उघडली असेलच. नसेल, तर सिनॉप्सिस लिहायच्या आधी उघडा! पण तिचा पत्ता कधी नीट वाचलाय? शोधगंगा डॉट इन्फ्लिबनेट डॉट एसी डॉट इन. हा पत्ता उजवीकडून वाचायचा. ‘इन’ म्हणजे भारत, ‘एसी’ म्हणजे शैक्षणिक संस्था, ‘इन्फ्लिबनेट’ म्हणजे गांधीनगरचं यूजीसीचं केंद्र. आणि सगळ्यात डावीकडचा ‘शोधगंगा’ हा तुकडा म्हणजे सबडोमेन.

आपल्याकडे सातबाऱ्यावर गटाचे पोटहिस्से पडतात ना, तसंच समजा. गट एकच, पण एका हिश्श्यात ऊस, दुसऱ्यात कांदा, आणि विहीरही वेगळी. नवीन जमीन घ्यावी लागत नाही. फरक एवढाच की इथे मालक बदलत नाही. तुम्हाला हिस्सा फक्त कसायला मिळतो.

हे चालतं डीएनएसमुळे. 1983 मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी मांडलेली ही व्यवस्था नावावरून सर्व्हर शोधून देते. ‘ए रेकॉर्ड’मध्ये थेट आयपी पत्ता असतो, तर ‘सीनेम’मध्ये दुसऱ्या नावाकडे बोट दाखवलेलं असतं. प्रत्येक सबडोमेनची नोंद वेगळी करता येते. म्हणून विभागाची साइट कॉलेजच्या सर्व्हरवर आणि लॅबचा नकाशा गिटहबवर, असं बिनधास्त चालतं. नुसती दोन-चार पानं टाकायची असतील तर मात्र सबडोमेन मागत बसू नका, मुख्य साइटवरचा फोल्डर पुरतो.

आता माझी फजिती. पारनेर तालुक्यातल्या विहिरींच्या पाण्याचे आकडे मी एका संस्थेच्या सबडोमेनवर ठेवले आणि तीच लिंक सिनॉप्सिसमध्ये दिली. सर्व्हर बदलला, नोंद गेली, आणि समितीसमोर लिंक उघडेचना. आकडे माझे होते, पण पत्ता माझा नव्हता.

तेव्हापासून नावाबाबतही मी जपून असतो. सबडोमेनमध्ये वर्ष, योजना किंवा जिल्ह्याचं नाव घालू नका. 2024 मध्ये आपला अहमदनगर जिल्हा अहिल्यानगर झाला, जुन्या नावाने केलेला पत्ता लगेच जुना दिसायला लागतो. याउलट, पुणे विद्यापीठाला 2014 मध्ये सावित्रीबाई फुले यांचं नाव मिळालं तरी ‘युनिपुणे’ हे डोमेन तसंच राहिलं. ते मला शहाणपणाचं वाटतं, कारण डोमेन बदललं की जुन्या प्रबंधांतल्या लिंका तुटायची भीती असते.

आणखी एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. पीएचडी संपवून जाताना बाहेरचं होस्टिंग बंद केलंत, तर अॅडमिनला सांगून सीनेमची नोंदही काढायला लावा. ती तशीच राहिली, तर काही होस्टिंग सेवांवर दुसरं कुणीही ते मोकळं नाव पटकावून संस्थेच्या पत्त्यावर वाट्टेल ते टाकू शकतं.

आणि प्रबंधात लिंक द्यायची तर डीओआयची द्या. शोधगंगासुद्धा प्रत्येक प्रबंधाला वेगळा हँडल क्रमांक देतेच, म्हणजे उद्या साइट हलली तरी तो क्रमांक नव्या जागी वळवता येतो. माझे पारनेरचे आकडे आता झेनोडोवर आहेत. सबडोमेनवर ठेवलाय फक्त नकाशा, तो गेला तर पुन्हा काढता येईल.