विश्लेषण : गर्भाशय काढले तरी मूत्राशयाचे दुखणे का उरते?

ओटीपोटात सतत दुखते, दर अर्ध्या तासाने लघवीला जावे लागते, रात्रीची सलग झोप नाही. चाळिशीतल्या बाईने अशा तक्रारी सांगितल्या की ‘पिशवी काढून टाक, सगळे थांबेल’ हा सल्ला हमखास मिळतो. डॉक्टरांकडून नाही तर नात्यातल्या कुणाकडून तरी. काहींचे दुखणे खरोखरच थांबते. काहींचे मात्र शस्त्रक्रियेनंतरही तसेच राहते, कारण ते गर्भाशयाचे नसतेच, शेजारच्या मूत्राशयाचे असते. याउलट काही स्त्रियांना मूत्राशयाचा जुनाट आजार असल्याचे आधीच ठाऊक असते आणि दुसऱ्याच कारणाने गर्भाशय काढावे लागणार असते. या दोन्ही परिस्थितींत काय विचारावे, काय तपासावे आणि कशाची तयारी ठेवावी, याविषयी...

मूत्राशयाचा हा आजार नेमका कोणता?

वैद्यकीय भाषेत त्याला ‘इंटरस्टिशियल सिस्टायटिस’ किंवा ‘ब्लॅडर पेन सिंड्रोम’ म्हणतात. मूत्राशय भरत आले की ओटीपोटात दुखणे, दाब किंवा जळजळ जाणवते आणि लघवी केल्यावर थोडा वेळ बरे वाटते, ही त्याची मुख्य खूण. त्यामुळे रुग्ण वारंवार लघवीला जातात, पण दर वेळी थोडीच लघवी होते. या तक्रारी सहा आठवड्यांहून अधिक काळ राहिल्या आणि जंतुसंसर्ग वा दुसरे कारण सापडले नाही, तर या आजाराचा विचार केला जातो. मूत्राशयाच्या आतल्या बाजूला आढळणाऱ्या विशिष्ट जखमांचे वर्णन अमेरिकेतील डॉ. गाय हनर यांनी १९१५ मध्ये केले. त्या आजही ‘हनर लिजन’ म्हणून ओळखल्या जातात. मात्र बहुसंख्य रुग्णांत अशा जखमा दिसत नाहीत. मूत्राशयाच्या अस्तराचे संरक्षक आवरण कमजोर होणे, तिथल्या नसा अतिसंवेदनशील होणे, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आखडलेले राहणे अशी अनेक कारणे सांगितली जातात, पण एकच एक कारण सिद्ध झालेले नाही. हा आजार पुरुषांनाही होतो, स्त्रियांत त्याचे प्रमाण बरेच जास्त आहे.

गर्भाशय आणि मूत्राशय यांत गल्लत का होते?

दोन्ही अवयव एकमेकांना खेटून आहेत. मूत्राशय पुढे, गर्भाशय त्याच्या लगेच मागे. दोघांच्या वेदना मेंदूपर्यंत नेणाऱ्या नसांचे मार्गही बऱ्याच अंशी सामाईक आहेत. त्यामुळे ‘ओटीपोटात दुखते’ एवढ्यावरून दुखणे कुणाचे हे रुग्णाला सांगता येत नाही आणि डॉक्टरांनाही लगेच कळत नाही. त्यात मूत्राशयाचे हे दुखणे अनेकींना पाळीच्या आधी वाढते, शरीरसंबंधाच्या वेळी त्रास देते. दोन्ही गोष्टी ऐकल्या की संशयाची सुई गर्भाशयाकडे वळते. सोनोग्राफीत लहानशी गाठ दिसली की निदान झाल्यासारखेच वाटते. वास्तविक फायब्रॉइडच्या लहान गाठी चाळिशीच्या आसपास पुष्कळ स्त्रियांमध्ये असतात आणि त्यांतील कित्येक काहीच त्रास देत नाहीत.

दुसरी गल्लत जंतुसंसर्गाशी होते. लघवीला जळजळते म्हटले की घरी ‘उन्हाळी लागली’ म्हणून धन्याचे पाणी आणि दवाखान्यात प्रतिजैविके सुरू होतात. युरिन कल्चर न करता असे एकामागून एक कोर्स घेण्यात वर्षे जातात. एन्डोमेट्रिओसिस आणि मूत्राशयाचा हा आजार एकाच रुग्णात असण्याचे प्रमाणही मोठे आहे. एकावर उपचार झाले आणि दुसरा राहून गेला, तर दुखणे ‘परत आले’ असे वाटते. प्रत्यक्षात ते कधी गेलेलेच नसते.

निदान कसे केले जाते?

या आजाराची एकच खात्रीची तपासणी नाही. म्हणून आधी इतर कारणे बाजूला काढावी लागतात. लघवीची साधी तपासणी, युरिन कल्चर, सोनोग्राफी, लघवी केल्यावर मूत्राशयात किती शिल्लक राहते याचे मोजमाप आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडून अंतर्गत तपासणी हे पहिले टप्पे. आपल्याकडे एक गोष्ट विसरून चालत नाही, ती म्हणजे मूत्रमार्गाचा क्षयरोग. लघवीत पू-पेशी आहेत, पण नेहमीच्या कल्चरमध्ये जंतू वाढत नाहीत, असे दिसले तर क्षयरोगाच्या वेगळ्या तपासण्या कराव्या लागतात. लघवीतून रक्त जात असेल तर कर्करोगाची शक्यता तपासणे अत्यावश्यक ठरते. हनर जखमा आहेत का, हे दुर्बिणीने म्हणजे सिस्टोस्कोपीने पाहता येते.

घरच्या घरी करता येणारी आणि डॉक्टरांना फार उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे लघवीची नोंदवही. तीन दिवस किती वाजता, साधारण किती मिलिलिटर लघवी झाली, त्याआधी दुखत होते का, नंतर कमी झाले का, काय खाल्ले-प्यायले, पाळीचा कितवा दिवस होता, एवढे लिहिले तरी पुरते. दुखणे मूत्राशय भरण्याशी जोडलेले आहे की पाळीशी, हे अशा नोंदीतून पुष्कळदा उलगडते.

गर्भाशय काढल्याने हा त्रास थांबतो का?

गर्भाशय काढणे हा ब्लॅडर पेन सिंड्रोमवरचा उपचार नाही. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या मार्गदर्शक तत्त्वांतील उपचारांमध्ये त्याचा समावेश नाही. हा आजार असलेल्या स्त्रियांमध्ये गर्भाशय काढलेल्यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले आहे आणि अनेकींची शस्त्रक्रिया मूत्राशयाच्या आजाराचे निदान होण्याआधीच झालेली होती. याचा साधा अर्थ असा, की काहींच्या बाबतीत दुखणे मूत्राशयाचे होते आणि काढले गेले गर्भाशय.

तरीही ‘कधीच फायदा होत नाही’ असे म्हणणेही चुकीचे ठरेल. गर्भाशयाची मोठी गाठ मूत्राशयावर दाबत असेल, तर ती काढल्यावर वारंवार लघवीला जाणे कमी होऊ शकते. अति रक्तस्राव, गर्भाशयाच्या स्नायूतच अस्तर वाढणारा एडिनोमायोसिस, अंग बाहेर येणे, कर्करोग या कारणांसाठी शस्त्रक्रिया केली, तर त्या त्रासातून सुटका होते. एडिनोमायोसिसमुळे दर महिन्याला मूत्राशयाचे दुखणेही भडकत असेल, तर पाळी थांबल्यावर तेवढा भाग हलका होऊ शकतो. अपेक्षा कुठल्या त्रासाबाबत ठेवायची, हे आधी स्पष्ट असायला हवे.

आपल्याकडे हा प्रश्न गंभीर का?

कारण गर्भाशय काढणे हा पहिला उपाय ठरल्याची उदाहरणे आपल्या राज्यातच आहेत. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला. राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या निमित्ताने झालेल्या सर्वेक्षणात सुमारे ८२ हजार ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. उसाच्या फडात शौचालय नाही, पाणी पुरेसे नाही, लघवी तासन् तास रोखून धरावी लागते आणि पाळीच्या दिवसांत सुट्टी घेतली तर खाडा पडतो. अशा परिस्थितीत ओटीपोटाच्या दुखण्यामागे जंतुसंसर्ग, मूत्राशय, गर्भाशय यांपैकी काय आहे, हे शोधायला ना वेळ असतो ना पैसा.

सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या जनहित याचिकेवर निकाल देताना, अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत, असे निर्देश दिले. जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर देखरेख समित्या आणि शस्त्रक्रियांची नोंद हा त्यांचा गाभा आहे.

शस्त्रक्रियेआधी कोणते पर्याय पाहावेत?

अति रक्तस्रावासाठी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडसारखी औषधे, संप्रेरकाच्या गोळ्या, गर्भाशयात बसवायचे संप्रेरकयुक्त साधन, गर्भाशयाचे अस्तर नष्ट करण्याची प्रक्रिया, फक्त गाठ काढण्याची शस्त्रक्रिया किंवा गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याची प्रक्रिया असे टप्पे आहेत. प्रत्येकीला प्रत्येक पर्याय चालतोच असे नाही, पण ते विचारात घेतले गेले का, हे विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे.

मूत्राशयाच्या बाजूनेही उपचार आहेत. त्रास वाढवणारे पदार्थ (अनेकींच्या बाबतीत चहा-कॉफी, आंबट फळे, टोमॅटो, तिखट, शीतपेये) एकेक करून बंद करून पाहणे, ठरावीक वेळेने लघवीला जाण्याची सवय आणि ओटीपोटाच्या तळाच्या आखडलेल्या स्नायूंना सैल करणारी फिजिओथेरपी ही सुरुवात. इथे एक खबरदारी हवी. लघवी गळण्यावर सांगितले जाणारे स्नायू आवळण्याचे ‘केगल’ व्यायाम या आजारात त्रास वाढवू शकतात. औषधांमध्ये कमी मात्रेतील अमिट्रिप्टिलिन, मूत्राशयात नळीने सोडायची औषधे, हनर जखमा असल्यास त्या दुर्बिणीतून जाळणे हे पर्याय आहेत. पेन्टोसान पॉलिसल्फेट हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांत डोळ्याच्या पडद्याला इजा आढळल्याने अमेरिकेत २०२० पासून त्याच्या माहितीपत्रकात तसा इशारा देण्यात आला आहे. ते चालू असेल तर डोळ्यांची तपासणी टाळू नये.

शस्त्रक्रिया करायचीच असेल, तर कोणती तयारी हवी?

पहिली गोष्ट म्हणजे शल्यचिकित्सक, मूत्ररोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ या तिघांनाही मूत्राशयाच्या आजाराची कल्पना हवी. गर्भाशय काढताना मूत्राशय त्यापासून हलक्या हाताने सोडवून पुढे सरकवावे लागते. आधी सिझेरियन झाले असेल तर तिथे चिकटलेपणा असतो आणि इजेचा धोका वाढतो. मूत्रपिंडाकडून येणारी मूत्रवाहिनीही गर्भाशयाच्या रक्तवाहिनीच्या खालून जाते. या अवयवांना इजा होण्याचे प्रमाण कमी आहे, तरी ती झालीच तर तिथल्या तिथे लक्षात येणे महत्त्वाचे.

दुसरा मुद्दा नळीचा. शस्त्रक्रियेच्या वेळी मूत्राशयात कॅथेटर घालतात. इतरांना ती फक्त अडचणीची वाटते, पण या रुग्णांत तीच आकडी आणि तीव्र वेदनेला कारण ठरू शकते. कमी जाडीची नळी वापरता येईल का, घालताना बधिर करणारी जेली वापरतील का, ती किती तासांत काढतील, हे आधी ठरवून घ्यावे. गुंतागुंत नसेल तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत, कित्येकदा त्याआधीही काढता येते. शस्त्रक्रियेच्या आधी युरिन कल्चर करून संसर्ग नसल्याची खात्री करावी. रोजची औषधे कोणती चालू ठेवायची, हे भूलतज्ज्ञांना विचारावे.

तिसरा मुद्दा अंडाशयांचा. ‘पिशवीबरोबर तेही काढून टाकू’ हे अनेकदा ओघात ठरते. पाळी जाण्याआधी दोन्ही अंडाशये काढली, तर इस्ट्रोजेन एकदम घटते. त्यामुळे योनी आणि मूत्रमार्गाचे अस्तर पातळ व कोरडे होते आणि जळजळ, वारंवार लघवी यांत भर पडू शकते. अंडाशये निरोगी असतील आणि कर्करोगाचा आनुवंशिक धोका नसेल, तर ती ठेवण्याविषयी स्वतंत्रपणे बोलावे. संमतीपत्रावर काय लिहिले आहे ते वाचूनच सही करावी.

शस्त्रक्रियेनंतर काय होऊ शकते?

नळी काढल्यावर लघवी पूर्ण होते का, हे पाहिल्याशिवाय घरी जाऊ नये. पहिले काही आठवडे मूत्राशयाचा त्रास वाढणे अपेक्षित आहे. त्याचा अर्थ शस्त्रक्रिया बिघडली असा नाही. मात्र जळजळ झाली की अंदाजाने प्रतिजैविके घेण्याऐवजी आधी कल्चर करावे. बद्धकोष्ठता होऊ देऊ नये, कारण कुंथण्याने टाके आणि मूत्राशय दोन्हींवर ताण येतो. साधारण सहा आठवडे पाण्याची कळशी, गॅसचा सिलिंडर, लहान मूल उचलणे टाळावे. ताप, लघवी अजिबात न होणे, कमरेच्या एका बाजूला तीव्र दुखणे, योनीमार्गातून सतत पाण्यासारखे गळणे यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. शेवटचे लक्षण मूत्राशयाला छिद्र राहिल्याचे असू शकते.

दूरचा परिणामही माहीत असावा. स्वीडनमध्ये गर्भाशय काढलेल्या एक लाख ६५ हजार स्त्रियांचा अभ्यास २००७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. खोकताना-शिंकताना लघवी गळण्यावर पुढे शस्त्रक्रिया करावी लागण्याची शक्यता या स्त्रियांत इतरांच्या दुपटीहून अधिक होती. एकूण प्रमाण कमीच असले, तरी आधीच नाजूक मूत्राशय असलेल्या बाईने हे निर्णयात धरायला हवे.

डॉक्टरांना काय विचारावे?

माझे दुखणे गर्भाशयाचेच आहे हे कशावरून? मूत्राशयाची तपासणी झाली आहे का? शस्त्रक्रियेने माझा कोणता त्रास जाईल आणि कोणता राहील? आणीबाणी नसेल, तर या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत थांबल्याने काही बिघडत नाही. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा पहिल्या डॉक्टरांचा अपमान नव्हे. काढलेले गर्भाशय परत बसवता येत नाही. तपासणी मात्र आधी केव्हाही करता येते.