इव्हानचे पाय, गेरासिमचे खांदे

मरण सर्वांना सारखेच, असे प्रवचनकार सांगत असतात. मरण सारखे असेलही. पण मरणाऱ्याजवळ कोण बसते, त्याची घाण कोण काढते, हे सारखे नसते. लिओ टॉलस्टॉय यांची १८८६ साली प्रसिद्ध झालेली 'इव्हान इलिचचा मृत्यू' ही छोटी कादंबरी आमच्या वाचकांनी एकदा वाचावी, ती यासाठी.

इव्हान इलिच हा झारच्या रशियातला न्यायाधीश. बढती, पाच हजार रुबल पगार, बड्या लोकांत ऊठबस, रात्री पत्त्यांचा डाव. एवढेच त्याचे आयुष्य. नव्या घराचे पडदे कसे लावायचे हे दाखवताना तो शिडीवरून घसरतो, कुशीला मार लागतो आणि पुढे तो अंथरुणाला खिळतो. वयाच्या ४५ व्या वर्षी मरतो. बातमी येताच सहकारी रिकाम्या खुर्चीचा हिशेब करू लागतात. बायको पेन्शनची चौकशी करते. जन्मभर कमावलेली प्रतिष्ठा कामी येत नाही.

कामी येतो तो गेरासिम. शेतकऱ्याचा पोर, घरचा नोकर. मालकाचे मलमूत्र तोच उचलतो. दुखणे हलके व्हावे म्हणून मालकाचे पाय आपल्या खांद्यावर घेऊन रात्ररात्र बसतो. सगळे खोटा धीर देतात. मरण न लपवणारा हा एकटाच. आपले सारे जगणेच चुकले की काय, ही शंका इव्हानला येते ती याच्याच चेहऱ्याकडे बघताना!

आपली वेळ आली की आपल्यासाठीही कोणीतरी असे करील, अशी गेरासिमला आशा आहे. कोण करील? टॉलस्टॉय ते सांगत नाहीत. आमचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. मैला उचलणारे हात पिढ्यान्‌पिढ्या कोणाचे, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. १९९३ आणि २०१३ साली कायदे झाले, तरी गटारात माणसे मरतातच.

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी खंत बोलून दाखवली होती. आज आपल्यातही न्यायाधीश झाले, अधिकारी झाले. त्याचा आम्हाला अभिमानच आहे. पण फ्लॅट, गाडी आणि बढती यातच आयुष्य सरणार असेल, तर आपलाही इव्हान इलिच झाला म्हणून समजा. वस्तीतल्या गेरासिमच्या घरी दुखणे आले, तर आपण त्याच्या उशाशी बसतो काय?

इव्हानला हा हिशेब मरणाच्या दारात सुचला. आपल्या हाती अजून वेळ आहे, बांधवांनो!