आधी मोजा, मग फवारा



पऱ्हाटीला पाती-फुले लागली, की गावात एकच घाई उडते. शेजाऱ्याने पंप काढला, म्हणजे आपणही काढायचा! पण बाबांनो, आपल्या शेतात कीड किती आहे, हे पाहिले का? आज गुलाबी बोंडअळीच्या निमित्ताने एवढेच सांगायचे आहे : आधी मोजा, मग फवारा.

ही अळी मोठी लबाड. मादी पतंग रात्री पाती, फुले आणि कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली बारीक अळी बोंडात शिरते आणि मागे छिद्र बुजून जाते. बाहेरून बोंड हिरवेगार, आत सरकी पोखरलेली! ती आत बसली, की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. पैसा गेला, श्रम गेले आणि अळी जागच्या जागी. २००६ साली आलेल्या दोन जनुकांच्या बीटी कपाशीलाही ती पुरून उरली आहे. तेव्हा नुसत्या बियाण्याच्या भरवशावर राहू नका.

मग मोजायचे कसे? तीन खुणा ध्यानात ठेवा.

पहिली खूण सापळ्याची. पेरणीनंतर दीड महिन्याने एकरी दोन कामगंध सापळे पिकाहून फूटभर उंच लावा. त्यातल्या गोळीला मादीचा वास असतो; त्याला भुलून नर पतंग येतात. रोज सकाळी ते मोजा आणि आकडा वहीत टिपा. दर सापळ्यात लागोपाठ तीन रात्री आठ-आठ पतंग आले, तर सावध व्हा.

दुसरी खूण फुलाची. पाकळ्यांना पीळ पडून मिटलेले फूल म्हणजे डोमकळी. आत अळी असते. अशी फुले तोडून नष्ट करा. शंभरात दहा डोमकळ्या दिसल्या, तर धोका आहे.

तिसरी खूण बोंडाची. दर आठवड्याला शेतातून तिरपे चालत वीस झाडांची एकेक हिरवी बोंडे तोडा आणि फोडून पाहा. दोन बोंडांत अळी सापडली, म्हणजे शेकडा दहा झाले.

यांपैकी एक जरी खूण भरली, तरी कृषी विद्यापीठाने सांगितलेले औषध, सांगितल्याच मापाने फवारा. त्याआधी पाच टक्के निंबोळी अर्कावर भागते.

हा हिशेब केवळ पैशाचा नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. जी फवारणी गरजेची नाही, ती टळली, तर एका माणसावरचा धोका टळला. करावीच लागली, तर नाकातोंडाला आणि अंगाला संरक्षण हवे. वाऱ्याच्या उलट दिशेने चालू नये आणि दोन-तीन औषधे मनाने एकत्र करू नयेत.

गुरुजी, शेकडेवारी शिकवताना वीस बोंडांचे हे गणित फळ्यावर मांडा. मुले घरी जाऊन बापाला विचारतील, “बाबा, मोजलं का?”

शेवटची गोष्ट. फरदडीचा मोह नको. अळी सरकीत आणि वाळल्या बोंडांत झोपून राहते व पुढच्या हंगामात पुन्हा उठते. डिसेंबरअखेर पीक आटोपा, पऱ्हाट्या शेतातून काढा. यंदा शेत मोकळे झाले, तरच पुढच्या वर्षी वहीतला आकडा लहान राहील.